शून्य

पहाटे पाचला टेम्पो थांबतो,
मागच्या फळीवरून एकेक जण धुक्यात उतरतो.
झुल्मिराच्या वाट्याला एकशे चौदावा खांब,
होकायंत्र, शिसपेन्सिल, कारण शाई इथे फुटते,
आणि चौकटींचा एक कागद.
सांव मिगेल बेट, पूर्वेचा डोंगर.
ढग इथे डोक्यावर नसतात, गुडघ्याशी असतात.

सूचना साध्या :
पाच मिनिटं उभं राहायचं.
दिसला तर लिही, ऐकू आला तर लिही,
वाटला तर लिहू नको.

चीजच्या कारखान्यात तीस वर्षं गेली,
डावा कान तिथेच राहिला.
म्हणून उजवा कान दरीकडे करून ती उभी,
शेजारच्या भिंतीला कान लावावा
आणि कबूल करू नये, तशी.

प्रिओलो गातो म्हणणं जरा जास्तच.
एक बुटकी शीळ, उतरती.
कुणी दारावरून हाक मारावी
आणि कडी काढेपर्यंत पुढे निघून जावं, इतकीच.

वाटेत सगळीकडे सोनटक्का.
म्हणजे आपल्या सोनटक्क्याचं पिवळं भावंड,
कुणा हौशी माणसाने बागेसाठी बोटीतून आणलेलं.
आपण वेणीत माळतो;
इथे त्याने अख्खं रान गळ्याशी धरलंय.
एर्मिनिओने काल दिवसभर कंद उपटले,
पोत्यात भरून झाडाला टांगले,
जमिनीला टेकले की पुन्हा रुजतात.
'वास मात्र छान,' म्हणाला, जरा ओशाळून.

झुल्मिराच्या खापरपणजोबांना
संत्र्याच्या बागेत चोचीमागे पैसे मिळत.
हे सांगताना ती हसत नाही, माफीही मागत नाही.
संत्री रोगाने गेली, म्हातारा वयाने.
पक्षी उरला, एका डोंगरात मावेल इतका.

तिसरं मिनिट. टोपीवर थेंब.
चौथं. नेच्याचं पान हललं. वारा.
पाचवं.

ती लिहिते : शून्य.
पहिल्या वर्षी हात धजला नव्हता,
लग्नाला रिकाम्या हाताने आल्यासारखं वाटलेलं.
तेव्हा ओदेत, टोळीची मुकादम, वय चोवीस,
कागद परत देत म्हणाली होती,
काकू, कोरी चौकट म्हणजे कुणी गेलंच नाही.
शून्य म्हणजे कुणीतरी उभं होतं.

उतरताना, कागद पिशवीत गेल्यावर,
एकशे चौदा आणि तेराच्या मधे कुठेतरी
उजवीकडून तीच शीळ.
एकदाच.
ही मोजणीत धरत नाहीत.
तिने पेन्सिल काढली नाही.

टेम्पोत मात्र पाव वाटता वाटता
दोनदा सगळ्यांना सांगितलं,
तिसऱ्यांदा वाजवूनही दाखवली,
चुकीची.
एर्मिनिओने दुरुस्त केली.
तीही चुकीची.