शेरा

वैनगंगा जिथं दोन धारांत फाटते
तिथं मध्ये काळ्या खडकांचा टापू आहे.
टापूवर चुन्याचा खांब, दोन पुरुष उंच,
माथ्यावर लोखंडी जाळी;
जाळीवर पाणकावळा पंख वाळवत बसलेला.

धरणाचं पाणी येणार म्हणून मी मोजायला गेलो.
झाडं, विहिरी, गोठे झाले होते. हा राहिला होता.
डोंगा टेकवत तुकडू नान्हे म्हणाला,
"लिवा. पन कोनाच्या नावानं लिवता?"

तहसिलीच्या दप्तरात वाळवीनं उरवलेली एक वही सापडली.
सागाचे तराफे रात्री खडकावर फुटू नयेत
म्हणून इथं दिवा. राखणदार पैकू वलथरे, जात धिवर,
महिना सात रुपये, एरंडीचं तेल वेगळं.
सही येत नव्हती.
दिवा लावला की चिमणीच्या काजळीत बुडवून
रोज एक अंगठा.
पानंच्या पानं अंगठे,
पुराचे ओले, फरकटलेले,
थंडीतले बारीक, कोरडे,
एकोणीस वर्षांचे.

भादव्यातली एक चौकट कोरी.
पुढे कारकुनाचं वळणदार अक्षर:
'तेल शिल्लक होते. कारण विचारले. सांगत नाही.
दंड दोन आणे.'

"मोहाची घेतली असन," तुकडू म्हणाला.
घाटावर झिंगे निवडत बसलेली झेलाबाई
मान वर न करता बोलली,
"त्यानं कदी थेंब नाही घेतला.
त्या रात्री ठेकेदाराचे बिगारी पयाले.
पलीकडून पोहत आले सतरा जन.
काठावर बंदूकवाले उभे.
दिवा असता तं एकेक डोकं दिसलं असतं."
मग झिंग्यांवर पाणी शिंपडत,
"मायी माय होती त्याईच्यात. मी पोटात."

किती जण पोचले, मी विचारलं.
तिनं टोपली उचलली.

रात्री विश्रामगृहात नमुना भरला.
बांधकाम: दीपस्तंभ, नग एक.
मालक: आढळला नाही.
मूल्य: निरंक.
वीज गेलेली, टेबलावर कंदील.
काच पुसताना अंगठा काळा झाला,
तो कागदाला लागू नये म्हणून
बराच वेळ हात वर धरून बसलो.

शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला.

सोमवारी साहेबांनी कारण विचारलं.