बॉबिन

मापांच्या वहीत, तुळसकरबाईंच्या ब्लाऊजखाली,
छाती छत्तीस, बाही साडेनऊ, गळा मागून खोल,
मी लिहिते: बॉबिन. सातशे चाळीस ग्रॅम.
काल सातशे साठ होती.
वीस ग्रॅम म्हणजे काय,
काजूवाल्या नाबरांच्या काट्यावर
दहा-बारा गर इकडचे तिकडे.
त्याचा हिशेब त्यांना कधी कुणी विचारला नाही.

बँकेतला भाडेकरू बदली होऊन चंद्रपूरला गेला
तेव्हा मागे ठेवून गेला कोरफडीची एक कुंडी,
विजेचं थकलेलं बिल, आणि पिंजरा.
'ताई, दोन दिवसांत कुणीतरी न्यायला येईल.'
तीन वर्षं होतील आता.
पोट गोल, दोन्ही टोकं सारखी,
जागच्या जागी गरगरायची,
म्हणून बॉबिन.

सावंतवाडीचा डॉक्टर हसला नाही, हे त्याचं मोठेपण.
म्हणाला, म्हशीच्या पोटात माझा हात कोपरापर्यंत जातो,
हिच्यात दोन बोटंसुद्धा मावायची नाहीत.
तरी काढला त्यानं खडा,
कापसात गुंडाळून माझ्या तळहातावर ठेवला.
मसुरीएवढा, खरबरीत.
लघवीला बसली की शीळ घालायची ती,
ती शीळ ह्याची होती.
महिनाभर मी कौतुकानं ऐकली.

टाके मी बघितले. बघणारच.
सात. निळ्या दोऱ्याचे. तिसरा थोडा तिरका.
कापडावर असता तर उसवून पुन्हा घातला असता.
पण माझं कापड सुईखाली कधी श्वास घेत नाही,
म्हणून गप्प बसले.

दर तीन तासांनी भरवायचं.
पोट थांबलं की संपलं, तो म्हणाला.
तिचे दाणे भिजवून पाट्यावर वाटते,
पेरूची फोड किसून मिसळते,
सुई काढलेल्या सिरिंजमध्ये भरून
ओठाच्या कडेनं, थेंब थेंब.
घाई केली की ठसका.
फ्लॅनेलच्या तुकड्यात तिला
बाही उलटवताना धरतात तशी धरते,
घट्ट, पण चुणी पडू न देता.

शेवंता दारातून म्हणाली,
'उंदराक चार हजार? गो, त्यात बोकड ईलो असतो.'
खरंच होतं. मी मशीन चालवत राहिले.
संध्याकाळी तीच ओच्यातून हरळी घेऊन आली.
'गायीक काडलेला, शिल्लक रवला.'
तिची गाय तर गेल्या मेपासून नाही.

रात्री देवळाकडे जत्रेचं नाटक.
वेंगुर्ल्याच्या बंदरावरून गार वारा,
खिडकीला साडीची घडी लावलेली,
गरम पाण्याची बाटली जुन्या मोज्यात, तिच्या पाठीशी.
अकराला गणपती आला, एक भरवणं झालं.
दोनला पेटी चढली, झांज तापली,
राक्षस कुणाला तरी ओढून नेत असणार,
तेवढ्यात तिनं सिरिंज चावली.
मला बरं वाटलं.
पाचला सगळं शांत,
मी टॉर्च धरून पिंजऱ्यातली वर्तमानपत्रं चाचपत होते.
काल एकही लेंडी नव्हती.
आज चार.
पुन्हा मोजल्या. चारच.

एकावन्न वर्षांची बाई, चष्मा कपाळावर,
चार लेंड्या तळहातावर घेऊन अंगणात उभी,
कुणाला सांगावं कळेना.
दशावतारी पेटारे उचलून रस्त्यानं चालले होते.
त्यातल्या एकाला सांगितलं,
अंगावर अजून नऊवारी, कानात झुबे,
रंगाखालून दाढी वर आलेली.
'पोट चालू झालं तिचं,' मी म्हटलं.
कोण, काय, त्यानं विचारलंसुद्धा नाही.
'बरां झाला,' म्हणाला,
आणि पदर सावरून टेम्पोत चढला.

तुळसकरबाईंचा ब्लाऊज आज द्यायचा होता.
अस्तर अजून सुटं आहे.
खडा बटणांच्या डबीत, हुकांच्या शेजारी.
टाके आठव्या दिवशी डॉक्टरच काढेल,
माझी कात्री कापडाची आहे,
दुसऱ्या कशाला लावायची नाही असा नियम आहे माझा.

दुपारी नाबरांकडे जाऊन आले. सातशे बेचाळीस.
काट्यावर हलली ती, म्हणून चूक असेल.
मी सातशे बेचाळीसच लिहिलं.