मागं पांढरं पाहिजे

ऑफिसचा निरोप एवढाच : मागं पांढरं पाहिजे,
दोन्ही कान दिसले पाहिजेत.
गाव कसंही असू दे.

म्हणून स्कूटरला बांधून पांढरं घेऊन फिरतो.
बायकोच्या माहेरची डबल बेडशीट,
एका कोपऱ्यात हळदीचा डाग.
तो कोपरा खाली धरा, हे आधी सांगावं लागतं.

निपाणीत, स्टुडिओत, वडिलांचा पडदा अजून आहे :
निळं तळं, दोन हंस, कुठंच न पोचणारा जिना.
त्या जिन्यावर अर्ध्या तालुक्याची लग्नं उभी राहिली.
आता त्याच्यापुढं मी हेल्मेट ठेवतो.

जत्राट. बिरदेवाचा कट्टा. साडेनऊचं ऊन.
वाळत घातलेल्या तंबाखूचा ठसका घशात,
आणि बायकांची रांग, पेन्शनीचे फॉर्म पिशवीत घडी घालून.
अंगठा कुणाचाच उठत नाही मशीनवर.
बिड्या वळून वळून रेघा गेल्या,
मशीन म्हणतं, जुळत नाही.
मग फोटो.

चादर धरायला दोघी लागतात.
जिचा झाला ती उठून पुढचीसाठी धरते,
हे मी सांगितलेलं नाही.

हनुवटी वर, म्हणतो.
चौथीला कळत नाही, तिला : स्वल्प म्याल नोड्री.
ती बघते थेट आभाळात.
कट्टा हसतो, मग तीही हसते,
आणि हसलेला फोटो चालत नाही.

तायव्वा खोत बसली तेव्हा वारं सुटलं.
तिला कमी ऐकू येतं.
कान दाखवा म्हटलं, तर पदर सारून
एकच कान पुढं केला, जसा डॉक्टरापुढं करतात.
मांडीवरची बोटं मात्र थांबेनात :
पान, चिमूट, वळ, दुमड, दोरा,
पान, चिमूट, वळ,
पुढ्यात सूप नाही, पान नाही, तरी.

“काय करूलालीस गं?” चादरीमागून कुणीतरी.
“कुठं काय? गप बसलोय की.”

मी फ्रेम खांद्यापर्यंत घेतली.
हात फॉर्मला लागत नाहीत.

आणि बोट बटणावर असतानाच चादर उडाली.

जे मागं होतं ते सगळं आलं :
शाळेची भिंत, तिच्यावर एकच सुविचार दोन भाषांत,
दोन्हींत अर्धा पुसलेला,
एक शेळी, लांब वेदगंगेवरचा पूल,
चादरीमागं धावणारी रुक्साना, एक चप्पल हवेत,
आणि वळून बघणारी तायव्वा,
तोंडात राहिलेले तीनही दात दाखवत.

स्क्रीन उन्हाआड धरून तिनं पाहिलं. बराच वेळ.
“मला ह्यो दे.”
हा चालत नाही, आज्जी.
“हापिसाला दुसरा काढ. ह्यो मला.”
वीस रुपये होतील.
“पंधरा घे. कान एकच हाय.”

रात्री स्टुडिओत फोटो कापत बसलो.
एकसष्ट चेहरे, एकसष्ट पांढरी आभाळं,
आणि प्रत्येकाच्या दोन्ही कडांना बोटं.
हिरव्या काचेच्या बांगडीखालची,
चिंधी गुंडाळलेली, नख अर्धं तुटलेलं एक.
झूम केलं तर कातड्यावरची काळी चीरन् चीर दिसते.
कोणती बोटं कुणाची ते मला सांगता येणार नाही.
साडेतीन बाय साडेचारच्या बाहेर होती.
कापली.

तायव्वाचा तेवढा अख्खा छापला, मोठा,
पंधरा रुपयांत बसत नाही असा.

बायकोनं चादर दोनदा धुतली.
तंबाखूचा वास जात नाही म्हणते,
आणि डाग होता तिथं आता डाग नाही,
एक भोक आहे, बहुतेक बाभळीचं.

उद्या अक्कोळ.
वाळेल का तोवर, एवढंच विचारलं.