गुहेत जायचं नाही

ओव्हिएदोच्या दवाखान्यातून सोडताना
त्यांनी यादी दिली होती, एतेल्विना, दोन पानांची.
माती उकरायची नाही. गवताच्या गंजीपाशी थांबायचं नाही.
कोंबड्यांचं खुराडं झाडायचं नाही.
खाली एक ओळ डॉक्टर नोरेन्यांनी पेनानं वाढवली,
तू काय करतेस ते ऐकल्यावर:
गुहेत जायचं नाही.

तू हसलीस. टाके ताणले म्हणून अर्ध्यात थांबलीस.

एकतीस वर्षं बुरशीच तर पाळली आपण,
लोक गुरं पाळतात तशी.
डोंगराच्या पोटात, जिथं फटींतून गार वारा येतो,
फळ्यांवर चीजचे गोल मांडले
आणि निळ्या शिरा उतरायची वाट पाहिली.
खालच्या खोऱ्यातले सुया टोचून आत घालतात तिला.
तू म्हणायचीस, बोलावून आणलेली पाहुणी लवकर जाते,
आपणहून येते ती राहते.

हृदय कुणाचं, ते सांगत नाहीत.
फेब्रुवारी, रस्त्यावर बर्फ, रात्री दोनचा फोन,
एवढंच आपल्या वाट्याचं.
शरीरानं त्याला परकं म्हणून हाकलू नये
म्हणून सकाळ-संध्याकाळ गोळ्या.
नवा जावई घरात रुळेपर्यंत कुत्रा बांधून ठेवतात, तसं.
रुळेपर्यंत म्हणजे जन्मभर, हे आपल्याला नंतर कळलं.
आणि कुत्रा बांधलेला असला
की कुंपणावरून कोण कोण येतं.

अकराव्या आठवड्यात खोकला.
पडद्यावर डॉक्टरांनी बोट ठेवलं:
उजव्या फुफ्फुसात वरच्या अंगाला एक गाठ
आणि तिच्याभोवती धुरकट कडं,
पावसाआधी चंद्राला खळं पडतं तसं.

'आमची आहे का?' मी विचारलं.
'नाही. तुमची निळी निराळी.
ही तिची लांबची चुलत बहीण. गवतात, धुळीत, भिंत पाडली की हवेत.
तुम्ही-आम्ही रोज श्वासातून घेतो, आणि काही होत नाही.'
'मग हिच्यात कुठून आली?'
'ते बहुधा कळत नाही.'

त्या रात्री गोठ्यामागे मी माझा गुहेतला कोट जाळला.
लोकर नीट जळत नाही. घाण वास सुटतो.
सेर्वांदो कुंपणापाशी येऊन उभा राहिला,
टोपी काढली, काही न बोलता गेला.

आता एक औषध दुसऱ्याचं माप बिघडवतं,
म्हणून रोज रक्त.
तुझ्या दंडावर जांभळे डाग, मग हिरवे, मग पिवळे.
बुरशीच्या औषधानं तुला भलतेच रंग दिसायला लागले.
मंगळवारी छताकडे बघून म्हणालीस,
'शिरा उतरल्यात. पिकलंय. उलटं करा.'
नर्स घाबरली.
मी मान वर करून पाहिलं, नीट पाहिलं,
कारण तुझा अंदाज आजवर कधी चुकला नव्हता.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, मला ती पटायला वेळ लागला:
या हृदयाच्या नसा कापलेल्या आहेत.
छातीत बसवलं, रक्त जोडलं, पण निरोप नेणारं कुणी नाही.
भीती तुला आधी वाटते.
धडधड मागून येते, रक्तातून, पायी पायी.
म्हणून मी दारात दिसतो तेव्हा यंत्रावरचा आकडा हलत नाही.
मी खुर्ची ओढतो, मास्क सारखा करतो,
शेळी व्याली, दोन करडं, असं काहीबाही सांगतो,
आणि मग केव्हातरी
चौऱ्याण्णवचे अठ्ठ्याण्णव होतात.

आज शुद्धीवर होतीस.
'जानेवारीतले सहा गोल,' तू विचारलंस, 'उलटे केलेस ना?'
'केले.'
एकोणीस दिवस मी गुहेचं दार उघडलेलं नाही.

तू माझ्याकडे पाहिलंस. खोटं तुला लगेच कळलं.
हृदयाला कळायला
अजून दोन मिनिटं होती.