पाचास एक

वर्गात टॅब एकच. त्याच्या कोपऱ्याला तडा,
तड्यावर लावलेला सेलोटेप
खाऱ्या हवेनं पिवळा पडलेला.
नेटवर्क फक्त शाळेमागच्या उंडीखाली येतं,
म्हणून सातवीचं गणित
आम्ही बहुतेक वेळा उंडीखालीच करतो.

मी घाटावरचा, औशाचा.
ओहोटीची वेळ अजून मुलांनाच विचारावी लागते.
"अकरा वाजासर वाळू सुकी आसतली, सर,"
हर्षद तांडेल म्हणाला, आणि शनिवारची सकाळची शाळा
पावणेदहाला किनाऱ्यावर पोचली:
सुतळी, मीटरची काठी, चार फूटपट्ट्या,
आणि टॅब उजेर सोलकरच्या दप्तरात
टॉवेलात गुंडाळलेला, आजारी कोंबडीसारखा.

काठी उभी रोवली. सावली दीड मीटर.
हर्षदच्या घरची होडी वाळूवर ओढून ठेवलेली,
तिच्या डोलकाठीची सावली साडेसात.
"आता डोलकाठीवर न चढता..."
मी म्हणेपर्यंत उजेर चढला होता.
वरून सुतळी सोडून ओरडला, "पाच! सर, पाचच!"
हिशोब मागून आला, धापा टाकत,
आणि तोही पाचच निघाला.
गणिताला अशी टाळी
मी औशात कधी ऐकली नव्हती.

मग फोटो. खरी होडी सात मीटर वीस,
काचेवर बारा सेंटिमीटर. एकास साठ.
हर्षदनं तो दोन बोटांनी आडवाच ताणला,
तशी होडी फुगली, बसकी झाली,
चिखलात बसलेल्या म्हशीसारखी.
पोरं वाळूत लोळली हसून.
दोन्ही बाजू सारख्या पटीत वाढल्या
तरच ती तीच होडी राहते:
हे मी तीन वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो,
फक्त होडी हा शब्द सोडून.

हेमांगी कुबल हसली नाही.
फूटपट्टीच्या टोकानं वाळूत रेघा ओढत होती.
"सर, ह्या होडयेर पाच माणसां.
अर्दो वाटो होडयेक.
उरलेलो अर्दो पाच जणांक.
मगे होडी आनी माजो बापूस,
हेंचा गुणोत्तर किती?"

मी तोंड उघडण्याआधी
उजेर बोलून गेला, "पाचास एक."

हर्षद डोलकाठीकडे बघत राहिला.
होडी त्याच्या बापाची,
आणि वर्गात बाक त्या दोघांचा एकच.
"डिझेल पयला काडतत," तो हळूच म्हणाला.
"जाळी पण आमचीच."
हिशोब दुरुस्त करत होता, की दुसरं काही,
मला कळलं नाही.

उत्तर बरोबर होतं.
बरोबर आणि रास्त, हे दोन शब्द
मी आजवर एकाच खिशात ठेवले होते.
पाणी चढू लागलं. सावल्या आखडल्या.
मी घाईघाईत गृहपाठ दिला:
घरातल्या कुणाची तरी उंची
सावलीवरून काढा.

सोमवारी हेमांगीची वही.
रविवार, दुपारी चार. सावल्या:
काठी, एक मीटर ऐंशी.
बाबा, तीन मीटर. (स्थिर उभे राहत नव्हते,
दोनदा मोजले.)
डोलकाठी, नऊ मीटर.
उंच्या काढलेल्या, ताळा केलेला,
आणि तळाशी मी न विचारलेली एक ओळ:
होडी : बाबा = ३ : १
तिच्याखाली दोन रेघा, पट्टीनं मारलेल्या.
प्रश्नचिन्ह नाही.

मी लाल पेनानं बरोबरची खूण केली
आणि पेन उघडंच धरून बसलो.
बाहेर उंडीखाली
टॅबचा टेप बदलणं चाललं होतं.
हर्षदनं कोपरा दाबून धरलेला,
हेमांगी टेप दातांनी तोडत होती,
आणि दोघांचं भांडण जुंपलं होतं
तुकडा केवढा हवा यावरून.