निव्वळ वजन

एकतीस वर्षं मी धान्याच्या कोठारावर
काट्यापाशी बसलो.
भरलेला ट्रक आधी तोलायचा,
मका ओतून आला की रिकामा,
वजाबाकीत उरेल तो मका.
लक्ष ठेवायचं ते ड्रायव्हरवर:
लबाड असला तर भरल्या वेळी आत बसून राहायचा
आणि रिकाम्या वेळी
सिगारेट ओढायला खाली.

आता हॅडली क्रीकच्या मैदानात
जाळीमागे, डुगडुगत्या टेबलाशी
गावच्या टीमचा हिशेब लिहितो.
पेन्सिल तीच. पगार एक हॉटडॉग, कांदा जास्त.

तर हा मिलो हावलिचेक.
याने मारलेला चेंडू कुंपण, रस्ता, मेपलची रांग ओलांडून
लुथरन चर्चच्या पार्किंगमध्ये पडतो.
पाद्र्याने जूनपासून दोनदा काच बदलली.
सतरा होम रन. आवाज असा
की बाकावर झोपलेली पोरं उठून विचारतात,
कुठे गेला?

आणि तोच मिलो लेफ्ट फिल्डमध्ये
शेजाऱ्याची कोंबडी धरायला निघाल्यासारखा
वाकून, हात पसरून चेंडूमागे जातो,
चेंडू त्याच्या पायांमधून निघून
कुंपणाला टेकून वाट बघत बसतो.

गुरुवारी रात्री बर्नी कोल घरी आला, आमचा मॅनेजर.
शनिवारी फायनल. "तुझी वही काय म्हणते?
खेळवू, की बसवू?"
वही म्हणत होती: होम रन सतरा, चुका अकरा.
बर्नी हसला, "मग पारडं जडच आहे की त्याचं."

काट्याचं काही खोटं नसतं, बर्नी.
आत कोण बसलंय ते बघावं लागतं.

नियम असा, की चूक लिहायची
तर माणूस चेंडूपाशी पोचायला हवा.
मिलो जिथे पोचतच नाही
तिथे पडलेला चेंडू म्हणजे समोरच्याचा चांगला फटका.
मिलो कोरडाच.
ते ओझं चढतं ड्वेन स्टाउफरच्या नावावर,
आठवडाभर लोकांच्या विहिरी खोदतो,
अडतिसाव्या वर्षी अजून पिचिंग करतो,
खांद्याला बर्फ बांधून घरी जातो.

असे चेंडू, बऱ्यापैकी पायांना सहज मिळाले असते असे,
मी समासात ठिपके देऊन ठेवले होते.
कुणाला दाखवायचे नव्हते.
तेवीस ठिपके.
"अकरा नाही," मी म्हटलं, "चौतीस धर."
बर्नीने कॉफी तशीच ठेवली.

पण तो मिलोकडे गेला नाही. ड्वेनकडे गेला.
ड्वेन म्हणाला म्हणे,
"खेळव त्याला.
तो पळत नाही ते साऱ्या गावाला दिसतं.
त्याला येताना बघून समोरच्या पिचरचा घसा सुकतो,
ते म्हातारा कुठल्या रकान्यात लिहितो?"

रकाना नाही, ड्वेन.
आखायला हवा होता. सुचलं नाही.

शनिवार. सातवी इनिंग, एका धावेने मागे.
ऊन सायलोच्या खांद्यावरून थेट लेफ्ट फिल्डमध्ये,
आणि चेंडूही तिकडेच.
मिलो निघाला. उशिरा, पण निघाला.
या वेळी झेपावलासुद्धा, आडवा, ओंडक्यासारखा,
धूळ उडाली, दोघे धावत घरी आले.

ग्लव्हला लागला का?
लागला तर चूक, मिलोची.
नाही तर फटका, ड्वेनच्या नावावर अजून एक.
सगळ्या माना जाळीकडे वळल्या.
ड्वेनची वळली नाही. तो मिलोकडे बघून
ग्लव्हवर मूठ आपटत होता, ऊठ, ऊठ.
मिलो आपल्या ग्लव्हकडे बघत होता,
दुसऱ्या कुणाचा तरी चुकून हातात आल्यासारखा.

पेन्सिल कागदावर टेकवली.
तिथे एक ठिपका झाला.

आठव्या इनिंगला बॅट घेऊन पहिला मिलोच.
पाद्री बाकावरून उठला,
खिशात गाडीच्या किल्ल्या चाचपत.