ळ

हिंगण्याला माझी लेथ आहे, एमआयडीसीच्या कडेला,
रसवंतीच्या मागे, जिथे कुत्री झोपतात तिथे.
साचे करतो. दट्टे, दांडे, स्प्रिंगा,
दाबायचं म्हणून जे जे असतं ते.

महादुल्याहून फूलवंता सहारे आली टेम्पोतून,
सोबत दहा जणी आणि एक हातप्रेस,
रंग उडालेला, दांडा पुरुषभर उंच.
"आंधी इच्यात पांढरा कोयसा काढत होतो, भाऊ.
तुराटी, सोयाबीनचं कुटार, आरामशीनचा भुसा.
भिजवाचा, सडवाचा, भराचा,
मंग दोघीदोघींनं दांड्याले लटकाचं.
गोट्या चांगल्या निघत.
पण भादव्यात वायेनात, बुरशी धरे.
हाटेलवाला म्हणे, धूर होते बाई, गिऱ्हाईक डोये चोयते."

आता राखेची वीट.
कोराडीची राख त्यांच्या दारात फुकट येते,
दोरीवरच्या लुगड्यावर, भातावर,
झोपलेल्या लेकरांच्या पापण्यांवर.
तिलाच धरून चौकोनात बसवायचं होतं.

मी गोल साचा काढला, आयताकृती बसवला.
कडेने अर्धा सूत फट ठेवली,
कारण राख दाबताना आतली हवा वाट मागते.
नाही दिली, तर वीट पोटातून फुटते
आणि वरून दिसत नाही.

"नाव टाका आमचं, खाचेत," फूलवंता म्हणाली.
अक्षरामागे दीडशे रुपये, मी म्हटलं. कोणाचं नाव?
तिथेच झालं भांडण.
गटाचं नाव आठ अक्षरांचं.
पार्वती कुमरेनं डोरलं मोडून प्रेस घेतलेली,
इंदिराबाईच्या जागेवर ती उभी राहणार,
फूलवंताशिवाय बँकेत कोणी बोलत नाही.
एकच अक्षर टाकू. कोणाचं?
टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला.

संजीवनी, सगळ्यात लहान, बारावीत एक विषय राहिलेली,
म्हणाली, "ज्यानं कोणाचंच नाव सुरू होत नाही, ते टाका."
आणि जीभ मागे वळवून, तोंडी परीक्षेत म्हणावा तसा, म्हणाली:
ळ.
सगळ्या हसल्या.

आमच्या तोंडात हे अक्षर टिकत नाही.
शाया, फया, नाया, दिवाई.
भोंगाडे मास्तरांनी मला बाकावर उभं करून
वीस वेळा म्हणायला लावलं होतं 'काळी केळी'.
मी वीस वेळा वेगवेगळा चुकलो.

ठशात अक्षर उलटं कोरावं लागतं.
'क' उलटा करायला मला अजून आरसा लागतो.
ळ उलटा केला, तर जवळजवळ ळच.
वर दांडी, खाली दोन मुठी.
तरी पाच तास गेले, छिन्नी दोनदा बोथट झाली.

मग राख, चुना, जिप्सम, चुरी, मुठीत धरेल एवढं पाणी.
इंदिराबाई नि पार्वती दांड्याला लटकल्या.
पहिली वीट कोपऱ्यातून ढासळली. दुसरी तशीच.
सहावीला चारी कोपरे होते.
टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, राख उडते.

त्यानंतर एकवीस दिवस पाणी मारायचं.
त्यानंतर गवंडी.
तो खाच वर करून मसाला थापतो, ळ बुजतो,
पुढची वीट बसते.
उभ्या भिंतीत एकही अक्षर दिसत नाही.

परवा कामठीला मेव्हण्याकडे
कूलरसाठी भिंत फोडत होते.
एक वीट सांध्यातून सुटून पायाशी पडली
आणि मसाल्यावर तिचा उठाव राहिला, स्वच्छ.
"हे काय, आठ?" त्याच्या पोट्ट्यानं विचारलं,
"आडवा पडलेला?"
सांगायला मी तोंड उघडलं,
जीभ टाळूपर्यंत नेली.
य आला.
पोट्टा माझ्याकडे पाहत राहिला.

संध्याकाळी कूलर बसला. टाकीत पाणी भरलं.
पंखा फिरला तशी पहिल्यांदा धूळ आली,
मग ओला, मातकट गारवा.
मेव्हणी दारात उभी राहून म्हणाली,
"यंदाचा वाया बरा हाये, नाही?"